खेळात गेलेले चेहरे

मायक्रोसॉफ्टच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये विमान कुठूनही उडवता येते. पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये रात्री हेडफोन लावून बसलेला पोरगा गोंदियाच्या आभाळात चढतो, विमानाचे नाक उत्तरेकडे वळवतो आणि थोड्याच वेळात पडद्यावर वैनगंगा येते. नदीच्या काठाशी बालाघाट शहर, त्याला लागून भरवेलीच्या मँगनीज खाणीचा परिसर. घाट ओलांडून बैहरच्या पठारावर गेले की मलाजखंड: पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली तांब्याची उघडी खाण. पलीकडे कान्ह्याचे जंगल.

ही जमीन कुणा चित्रकाराने बसून रंगवलेली नाही. 2020 च्या ऑगस्टमध्ये हा खेळ बाजारात आला, तेव्हा त्याच्या भूभागासाठी बिंग नकाशांवरची खरी छायाचित्रे वापरली होती. काही उपग्रहांनी टिपलेली, काही विमानांतून घेतलेली. खेळ बनवला फ्रान्सच्या असोबो स्टुडिओने. फोटोत वरून दिसणाऱ्या छपरांवरून खाली घरे उभी करण्याचे काम ऑस्ट्रियातल्या ब्लॅकशार्क या कंपनीच्या संगणक प्रणालीने केले. त्यामुळे लांजीच्या किंवा वारासिवनीच्या एखाद्या घराचे छप्पर खरे असते आणि छपराखालचे घर अंदाजाचे. कान्ह्याचे जंगल दाट दिसते. त्यातून उठवलेली बैगा आदिवासींची गावे मात्र दिसत नाहीत, कारण उपग्रहाने फोटो काढला त्याच्या कितीतरी आधी ती उठली होती.

आपले छप्पर एका खेळात आहे हे छपराच्या मालकाला ठाऊक नसते. त्याला कुणी विचारलेले नाही, आणि खरे सांगायचे तर विचारायची गरजही कुणाला वाटणार नाही. इतक्या उंचीवरून माणूस दिसत नाही. पण हाच कॅमेरा हळूहळू खाली आणत गेले तर? छपरावरून भिंतीवर, भिंतीवरून अंगणात, अंगणातून अंगणात बसलेल्या बाईच्या कपाळावर. विचारायचे कुठून सुरू करायचे? यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘उसनवारी’ हे सूत्र दिले, तेव्हा खेळांच्या या धंद्यात फोटोंची उसनवारी कशी चालते हे पाहायला बालाघाट ही जागा बरी वाटली. हा जिल्हा शंभराहून अधिक वर्षे फोटोंत सापडतो आहे, आणि त्यातल्या फार थोड्या फोटोंवर माणसांची नावे आहेत.

भिंतीचे कातडे

व्हिडिओ गेममधली भिंत ही आतून पोकळ असते. संगणकात आधी तिचा नुसता आकार तयार होतो, करडा, गुळगुळीत, निर्जीव. मग त्यावर एक चित्र ताणून बसवतात. या चित्राला धंद्यात ‘टेक्स्चर’ म्हणतात. विटा, ओल, शेवाळ, पोपडे, गंज हे सगळे त्या एका कातड्यावर असते. पुणे, बंगळुरू, गुरुग्राम इथल्या स्टुडिओंत परदेशी कंपन्यांसाठी असली कातडी बनवण्याचे काम वर्षानुवर्षे चालू आहे. बंगळुरूच्या ध्रुव इंटरॅक्टिव्हने 1997 मध्ये सुरुवात केली, तेव्हा ‘गेम आर्टिस्ट’ ही नोकरी मुलीच्या बापाला समजावून सांगणे अवघड होते.

कातडे बनवण्याची सगळ्यात सोपी वाट म्हणजे खऱ्या भिंतीचा फोटो. पण तो असातसा चालत नाही. ढगाळ दिवस लागतो, कारण उन्हात सावल्या पडतात आणि फोटोत पडलेली सावली खेळात कायमची चिकटते. कॅमेरा भिंतीला अगदी समोरासमोर धरायचा. ओल्या किंवा तुकतुकीत पृष्ठभागावरची चमक मारायला भिंगावर फिल्टर. रंग खरे यावेत म्हणून कोपऱ्यात रंगांची पट्टी. मग संगणकावर आणून उरलीसुरली सावली पुसायची आणि डावी कड उजवीला, वरची कड खालच्या कडेला अशी जुळवायची, की एकच तुकडा शंभर वेळा शेजारी शेजारी लावला तरी सांधा दिसू नये. त्याच फोटोवरून आणखी दोन-तीन चित्रे काढतात: एकात उंचसखलपणा, एकात प्रकाश कुठे कसा वळेल याचा हिशेब, एकात खरखरीतपणा. हे सगळे जमले की करड्या ठोकळ्याची भिंत होते.

फिनलंडच्या रेमेडी कंपनीने 2001 साली ‘मॅक्स पेन’ हा खेळ काढला. त्यातले न्यूयॉर्क खरे वाटावे म्हणून मंडळी तिथे जाऊन रस्ते, भिंती, दारे यांचे फोटो काढून आली. नायकाला चेहरा दिला तो कथालेखक सॅम लेक याने, स्वतःचाच. नटांवर खर्च करायला पैसे नव्हते, म्हणून ओळखीपाळखीची माणसे उभी राहिली. खलनायिकेचा चेहरा लेकच्या आईचा आहे. त्यात कुणाला काही खटकले नाही. घरचेच लोक होते आणि प्रत्येकाला आपण कशासाठी उभे आहोत हे माहीत होते.

पुढे एका फोटोवर भागेनासे झाले. आता एकाच दगडाभोवती फिरून शेकडो फोटो काढतात आणि संगणक त्यांतून दगडाचा त्रिमितीय आकार उभा करतो. पोलंडच्या एका छोट्या कंपनीने 2014 मध्ये ‘द व्हॅनिशिंग ऑफ ईथन कार्टर’ हा खेळ या रीतीने बनवला आणि सगळ्यांचे डोळे विस्फारले. स्वीडनच्या क्विक्सेल कंपनीने जगभर हिंडून दगड, साली, माती, पालापाचोळा यांचे असे साठे तयार केले. 2019 मध्ये एपिक गेम्सने ती कंपनी विकत घेतली आणि आपले अनरियल इंजिन वापरणाऱ्यांना तो साठा मोफत दिला. परिणाम गमतीचा झाला. आता सातपुड्याचा डोंगर उभा करायचा असला तरी हाताशी पटकन येतो तो आइसलँडचा खडक. सालवृक्षाची साल, छुई मातीने सारवलेली कुडाची भिंत, मँगनीजच्या धुळीने काळवंडलेला रस्ता हे त्या साठ्यांत शोधून मिळणे कठीण. मग कलाकार काय करतो? गूगल उघडतो.

फुटलेली काच

‘रेसिडेंट ईव्हिल 4’ हा जपानच्या कॅपकॉम कंपनीचा 2005 चा खेळ. त्याच्या नाममुद्रेवर अक्षरांमागे काच तडकल्यासारखी नक्षी आहे. लाखो घरांत ती पोचली, टी-शर्टांवर छापली गेली. काच कुणाची हे कुणी विचारले नाही.

जूडी जुरासेक या अमेरिकी बाईंनी 1996 मध्ये ‘सर्फेसेस’ नावाचे पुस्तक काढले होते. नेपथ्यकार, वास्तुरचनाकार, चित्रकार यांना उपयोगी पडावे म्हणून लाकूड, दगड, धातू, काच, गिलावा यांचे फोटो त्यांनी हिंडून हिंडून गोळा केले. सोबत एक सीडी दिली. व्यावसायिक वापर करायचा तर वेगळी परवानगी घ्या, अशी अट होती. पुस्तक अनेक स्टुडिओंच्या कपाटांत गेले.

2020 च्या शेवटी कॅपकॉमच्या संगणकांवर खंडणीखोरांनी हल्ला केला आणि कंपनीच्या अंतर्गत फाइली बाहेर पडल्या. त्यांत ‘रेसिडेंट ईव्हिल 4’ची टेक्स्चरे होती. जुरासेकबाईंच्या वकिलांनी जून 2021 मध्ये कनेटिकटच्या फेडरल न्यायालयात दावा लावला, त्यात सांगितले की नाममुद्रेतल्या त्या काचेसह बाईंचे किमान 80 फोटो दोनशेहून अधिक ठिकाणी वापरले आहेत. पुराव्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट किरकोळ होती. सीडीवर धातूच्या एका पृष्ठभागाच्या फाइलचे नाव ‘एमई 009’ असे होते. कॅपकॉमच्या फाइलीतही तेच नाव. कुणीतरी फोटो उचलला, सावल्या पुसल्या, कडा जुळवल्या, आणि नाव बदलायचे राहून गेले.

फेब्रुवारी 2022 मध्ये दोन्ही बाजूंनी न्यायालयाबाहेर तडजोड केली. किती पैसे दिले ते जाहीर झाले नाही.

हा खटला गेम कलाकारांत अजून चघळला जातो, आणि त्यात सहानुभूती दोन्हीकडे आहे. 2005 च्या आसपास काम करणाऱ्या कित्येकांना परवाना म्हणजे काय हे नीट माहीत नव्हते; सीडी विकत घेतली म्हणजे वापरायची मुभा मिळाली असा समज होता. तो समज समजण्यासारखा आहे. पण एक लक्षात घ्यायला हवे, की जुरासेकबाईंच्या हाती पुरावा आला तो कंपनीचे कुलूप चोरांनी फोडले म्हणून. एरवी तडकलेली काच ही तडकलेल्या काचेसारखीच दिसते. आणि त्यांच्यापाशी निदान पुस्तक होते, तारीख होती, वकील होते. फोटोत जो माणूस दिसतो त्याच्यापाशी यातले काय असते?

बालाघाट जिल्ह्यातले एक गाव

1916 साली लंडनच्या मॅकमिलन कंपनीने चार खंडांचा एक ग्रंथ छापला. मध्य प्रांतातल्या जाती आणि जमातींवरचा. लेखक आर. व्ही. रसेल, सोबतीला रायबहादूर हिरालाल. त्या वेळी बालाघाट आणि गोंदियाची भूमी एकाच मध्य प्रांतात होती. 1956 च्या राज्यपुनर्रचनेने मधून रेघ ओढली. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आजही मराठी, पोवारी, गोंडी, हिंदी एकाच बाजारात बोलल्या जातात, सोयरिकी होतात, आणि बालाघाटचा आजारी माणूस गोंदिया-नागपूरच्या डॉक्टरकडे जातो.

या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात एक छायाचित्र आहे. त्याखालचा मजकूर एवढाच: बैगा गाव, बालाघाट जिल्हा. गावाचे नाव दिलेले नाही. तिसऱ्या खंडात आणखी एक चित्र आहे: गोंड बायका, पायांच्या मागच्या बाजूचे गोंदण दाखवताना. त्या बायकांची नावे तिथे नाहीत. कुणीतरी त्यांना पाठमोरे उभे राहायला सांगितले असणार, लुगडे वर घ्यायला सांगितले असणार. साहेबाच्या कॅमेऱ्यापुढे नाही म्हणण्याची सोय 1916 च्या मध्य प्रांतात किती होती, हे वेगळे सांगायला नको.

हे खंड आज प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात. कॉपीराइट केव्हाच संपला आहे. जगातला कोणताही कलाकार ते चित्र उतरवून, कापून, ताणून एखाद्या खेळातल्या ‘जंगली टोळी’च्या पायांवर बसवू शकतो. कॉपीराइटवरून त्याच्यावर खटला होणार नाही. पुढे 1939 मध्ये व्हेरिअर एल्विन यांचे ‘द बैगा’ हे पुस्तक आले. त्यांना बैगांविषयी जिव्हाळा होता, बेवर ही त्यांची फिरती शेती हिसकावून घेणाऱ्या सरकारशी ते भांडले. त्यांच्या फोटोंना भारतात आता मुदतीचे संरक्षण नाही, पण ते 1964 मध्ये वारले असल्याने ब्रिटनमध्ये ते 2034 अखेरपर्यंत आहे. म्हणजे एकाच फोटोसाठी लंडनच्या स्टुडिओला परवानगी मागावी लागेल आणि पुण्याच्या नाही. फोटोतल्या माणसाला या दोन्ही हिशेबांत जागा नाही.

आज कान्ह्याच्या मुक्की दरवाजापाशी, म्हणजे बालाघाटच्या बाजूला, हा व्यवहार रोज चालतो, फक्त कॅमेरे बदलले आहेत. पावसाळ्यात बंद असलेले जंगल ऑक्टोबरात उघडले की जिप्सी सुरू होतात. रिसॉर्टांत संध्याकाळी बैगा नाच होतो, पाहुणे फोन उंच धरतात. बैहरच्या बाजारात म्हाताऱ्या बायकांच्या कपाळावरचे गोंदण जवळून टिपायला लांब भिंगे पुढे येतात. कधी वीस-पन्नास रुपये हातावर ठेवले जातात, कधी नुसते हसून काम भागते. रात्री हॉटेलच्या वायफायवर ते फोटो चढतात, काही मोफत परवान्यावर, काही स्टॉक फोटोच्या दुकानांत. एखादा कलाकार ‘ट्रायबल फेस’ असे शोधतो तेव्हा त्याला जे चौकोन दिसतात, त्यांत हे असतात.

अंदमानात जारवांचे फोटो काढणे हा गुन्हा आहे, तिथल्या आदिम जमातींसाठीच्या विशेष नियमांखाली. बैगांनाही सरकार विशेष दुर्बल जमात म्हणते. तसा नियम मात्र त्यांच्यासाठी नाही. असावा, असेही बैगांपैकी किती जण म्हणतील सांगता येत नाही. नाचाचे पैसे मिळतात, मुलांची फी भरली जाते. फोटो काढू देणे आणि खेळात घालू देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढेच इथे म्हणायचे आहे, आणि दुसरी गोष्ट त्यांना कुणी विचारलेली नाही.

हेन्री लम्लीचे काय झाले

‘बायोशॉक’ हा 2007 चा अमेरिकी खेळ. समुद्राखालचे एक उद्ध्वस्त शहर, आणि त्यात स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून विद्रूप झालेली माणसे. खेळाडूने त्यांना मारायचे. खेळ उत्तम आहे, समीक्षकांनी डोक्यावर घेतला तो उगाच नव्हे. त्या विद्रूप चेहऱ्यांची कल्पना करताना कलाकारांनी आधार घेतला पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या फोटोंचा.

हे फोटो लंडनजवळच्या सिडकप इथल्या रुग्णालयातले. हॅरोल्ड गिलीज हे शल्यविशारद तिथे तोफेने आणि आगीने उडालेले चेहरे पुन्हा बांधत होते. आजच्या प्लास्टिक सर्जरीची मुळे तिथे आहेत. प्रत्येक रुग्णाचे आधीचे आणि नंतरचे फोटो ठेवले जात. ते वैद्यकीय नोंद म्हणून. पुढे पॅडी हार्टली या कलाकाराने ‘प्रोजेक्ट फसाड’ नावाच्या उपक्रमातून यांतल्या काही सैनिकांच्या आयुष्यांचा शोध घेतला आणि फोटो लोकांसमोर आले. तिथून ते खेळाच्या कलाकारांच्या नजरेस पडले.

त्यांतला एक चेहरा हेन्री लम्लीचा. तो वैमानिक. 1916 मध्ये, प्रशिक्षण पुरे झाले त्याच दिवशी विमान कोसळून भाजला. 1918 मध्ये गिलीजनी त्याच्यावर मोठी शस्त्रक्रिया केली, ती त्याला सोसली नाही आणि तो गेला. खेळात त्याच्या फोटोवर बेतलेल्या पात्राला नाव दिले आहे ‘टोस्टी’. म्हणजे भाजका.

ब्रिटिश अभ्यासक सुझाना बिअर्नोफ यांनी 2011 मध्ये या प्रकरणावर सविस्तर लिहिले आणि वैद्यकीय दप्तरातला फोटो करमणुकीत कुठवर जाऊ शकतो हा प्रश्न उभा केला. कायद्याने बघायला गेले तर उत्तर सोपे आहे: जाऊ शकतो. या लेखाचे मत विचारले तर आक्षेप फोटो पाहण्याला नाही. चित्रकार जखमा पाहतातच. पाहिल्याशिवाय युद्ध रंगवता येत नाही. हार्टली यांनी तेच फोटो पाहिले आणि माणसाचे नाव, आई, पत्रे शोधली. खेळाने तोच चेहरा घेतला आणि नाव काढून एक थट्टेचे नाव चिकटवले. वाईट आहे ते हे.

‘हाफ-लाइफ 2’ या 2004 च्या खेळाची गोष्ट याहून उघडीवाघडी. त्यात ठिकठिकाणी एक जळालेले प्रेत पडलेले असते, खेळाडू त्याला उचलून फेकू शकतो. 2022 मध्ये चाहत्यांच्या ध्यानात आले की त्या प्रेताचा चेहरा वैद्यकीय पुस्तकातल्या खऱ्या मृताच्या फोटोवरून घेतला आहे. अठरा वर्षे लाखो लोक तो चेहरा भिंतींवर आपटत होते. मग काही चाहत्यांनी तो चेहरा बदलणारी भर खेळासाठी स्वतःच तयार केली.

बटण दाबणाऱ्याचा कायदा

भारतीय कॉपीराइट कायदा 1957 चा. त्यात छायाचित्राचा मालक सर्वसाधारणपणे ते काढणारा. पैसे देऊन कुणी फोटो काढवून घेतला आणि वेगळा करार नसला, तर हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणून लग्नाच्या अल्बमवर हक्क घरच्यांचा असतो, हे आपल्याकडे फोटोग्राफरनाही कित्येकदा ठाऊक नसते. बाजारात बसलेल्या बाईने पैसे दिलेले नसतात. उलट तिलाच वीस रुपये मिळालेले असतात. तेव्हा फोटो पाहुण्याचा. मुदत प्रकाशनानंतर 60 वर्षे. लांजीच्या किल्ल्यासारखी वास्तू किंवा चौकातला पुतळा यांचे चित्र काढायला, फोटो घ्यायला कायदा मोकळीक देतो. व्हिडिओ गेमचे नाव त्या कलमांत नाही, कारण ती लिहिली गेली तेव्हा असले काही नव्हते.

क्रिएटिव्ह कॉमन्ससारखे मोफत परवाने फक्त फोटोग्राफरचा हक्क खुला करतात. फोटोतल्या व्यक्तीच्या खासगीपणाचा आणि प्रतिमेचा प्रश्न परवान्याबाहेर राहतो, हे त्या परवान्यांतच लिहिलेले आहे. ते वाचतो कोण? स्टॉक फोटोची दुकाने थोडी सावध असतात. ओळखू येणाऱ्या व्यक्तीचा लेखी होकार जोडलेला नसेल तर ती फोटोवर ‘फक्त संपादकीय वापरासाठी’ असा शिक्का मारतात. वर्तमानपत्रात चालेल, विक्रीच्या खेळात नाही. लेखी होकाराचा नमुना बहुधा इंग्रजीत असतो. बैहरच्या बाजारात त्यावर अंगठा घेतला तरी त्या अंगठ्याला होकार म्हणायचे का, हा प्रश्न उरतोच.

प्रसिद्ध माणसांची गोष्ट निराळी. पुण्याच्या जेटसिंथेसिस कंपनीने 2017 मध्ये ‘सचिन सागा’ हा क्रिकेटचा खेळ काढला तो रीतसर करार करून, तेंडुलकरांच्या होकाराने. जानेवारी 2024 मध्ये एका गेमिंग अ‍ॅपच्या जाहिरातीत त्यांचा बनावट व्हिडिओ फिरू लागला, तेव्हा त्यांनी स्वतः तो खोटा असल्याचे सांगितले आणि मुंबई पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. अनिल कपूर यांना दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये चेहरा, आवाज, लकबी यांवर संरक्षण दिले. त्याच वर्षी त्याच न्यायालयाने सुशांतसिंह राजपूत प्रकरणात म्हटले की असे हक्क माणसाबरोबर संपतात. तेव्हा लम्लीच्या नातवाला, किंवा 1916 च्या त्या गोंड बायकांच्या पणतीला, इथे दाद मागायला जागा नाही. 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला खरा, पण तो जिवंत माणसाचा, आणि तोही त्याला कळले तर.

कळणे हीच अडचण आहे. ‘मॉर्टल कॉम्बॅट’मध्ये 1992 साली नटांना कॅमेऱ्यापुढे लढायला लावून त्यांच्या प्रतिमा खेळात घातल्या होत्या. त्यांतला डॅनिएल पेसिना पुढे न्यायालयात गेला. आपली प्रतिमा घरगुती आवृत्त्यांत वापरायला आपण मुभा दिली नव्हती असे त्याचे म्हणणे. 1996 मध्ये तो हरला. प्रतिमेत इतके फेरफार झाले आहेत की लोक त्याला ओळखणार नाहीत, असे न्यायालयाला वाटले. ओळखू न येण्याइतके बदला म्हणजे सुटाल, हा धडा धंद्याने तेव्हापासून नीट गिरवला आहे.

जाता जाता: कान्ह्यात मुन्ना नावाचा वाघ होता. त्याच्या कपाळावरच्या पट्ट्यांत इंग्रजी ‘कॅट’ ही अक्षरे दिसत, म्हणून त्याचे फोटो जगभर गेले. 2019 मध्ये त्याला भोपाळच्या वन विहारात हलवले. त्याचे पट्टे कुणी खेळातल्या वाघावर बसवले तर भांडू शकतो तो फोटोग्राफर. निदान वाघाचे नाव तरी सगळ्यांना माहीत आहे.

गोंदण कुणाचे

बैगा बाईच्या अंगावरचे गोंदण लहानपणी कपाळापासून सुरू होते आणि पुढे पाठ, हात, मांड्या असे वाढत जाते. ते काढतात बादी जमातीच्या बायका, त्यांना बदनिन म्हणतात. दागिने इथेच राहतात, मेल्यावर सोबत येते ते गोंदणच, अशी श्रद्धा. आपल्याकडेही जुन्या बायका हेच सांगत.

हे गोंदण गेम कलाकाराला मोहात पाडते, यात नवल नाही. काळ्या-निळ्या ठिपक्यांची इतकी नेमकी भूमिती पात्राच्या अंगावर लगेच उठून दिसते. अमेरिकेत गोंदणांवरून खटले झाले आहेत. बास्केटबॉल खेळाडूंच्या अंगावरचे टॅटू ‘एनबीए 2के’मध्ये दाखवले म्हणून लावलेला दावा 2020 मध्ये कंपनीने जिंकला: खेळाडूचे शरीर दाखवायचे तर त्यावरचे टॅटू येणारच. पण कॅथरीन अलेक्झांडर या टॅटू कलाकार बाईने कुस्तीपटू रँडी ऑर्टनच्या अंगावर काढलेले टॅटू व्हिडिओ गेममध्ये दाखवले म्हणून 2022 मध्ये ज्युरीने तिला 3,750 डॉलर मंजूर केले. तिथे भांडण होते एका कलाकाराचे, नावानिशी. बदनिनने काढलेला नमुना तिच्या आईचा, आजीचा, साऱ्या जमातीचा. कॉपीराइटला असा मालक दिसत नाही. वारासिवनीच्या हातमागाच्या साडीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, मध्य प्रदेशच्या गोंड चित्रकलेलाही मिळाले आहे. पण ते विकायच्या वस्तूच्या नावाला जपते. खेळातल्या पात्राच्या पदरावर तीच किनार फोटोवरून उतरवली तर मानांकनाचा काही उपयोग नाही.

हाताने रंगवायचे ठरवले तर

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने ‘राजी’ हा खेळ 2020 मध्ये आणला. राजस्थानी वाड्यांच्या कमानी, पहाडी चित्रशैलीचे रंग. यातल्या भिंती फोटोंवरून चिकटवलेल्या नाहीत, हाताने रंगवल्या आहेत. कलाकारांनी संदर्भ पाहिले असणारच, डोंगरभर पाहिले असणार, पण पाहिलेले हातातून पुन्हा गाळून घेतले. वेळ लागला, पैसे कमी पडले, तरी खेळ जगभर गेला. फोटोशिवाय चालत नाही ही सबब पुण्यातच खोटी ठरलेली आहे.

सगळ्यांना हे परवडणार नाही, आणि खऱ्या जगासारखे दिसणारे खेळ हवेतच. भिंती, दगड, साली, पत्रे यांचे फोटो परवाना पाहून खुशाल वापरावेत. आता तर भलतीच वाट मोकळी झाली आहे: चित्रे घडवणाऱ्या यंत्रप्रणालींना 2022 च्या ‘लायन-5बी’सारख्या संचांवर शिकवले गेले, ज्यात पाच अब्जांहून अधिक चित्रांचे दुवे होते, आणि त्यांत कुणाकुणाचे चेहरे मिसळले हे त्या संचाच्या कर्त्यांनाही सांगता यायचे नाही. पेसिनाच्या खटल्यातला धडा आता यंत्र आपोआप गिरवते. त्यामुळे स्टुडिओंकडून एक मागणे आहे. ओळखू येणारा चेहरा, जिवंताचा असो की मृताचा, आणि ओळखू येणारे गोंदण, विचारल्याशिवाय आणि मोबदला ठरवल्याशिवाय घेऊ नका. विचारायला कुणी उरले नसेल तर तो चेहरा सोडा. फोटोची फाइल हातोहात फिरते तेव्हा तिच्यासोबत जागा, तारीख, माणूस आणि त्याने कशाला होकार दिला ही चार ओळींची चिठ्ठी फिरू द्या; कॅपकॉमकडे फाइलचे नाव टिकले, तसे माणसाचेही टिकू शकते.

आणि या दिवाळीच्या सुट्टीत कान्ह्याला निघालेल्या वाचकांना एक विनंती. बाजारात, नाचात, अंगणात काढलेले फोटो जपून ठेवा, घरी दाखवा, त्या माणसांना छापून पाठवा. पण ओळखू येणारे चेहरे मोफत परवान्यावर चढवण्याआधी थांबा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही. तुम्ही फोटो काढून टाकलात तरी ज्याने तोवर उतरवून घेतला असेल, त्याचा वापराचा हक्क तसाच राहतो.